द्राक्षाच्या सालीवरून नवजाताच्या रक्तात : बालकांतील गंभीर बुरशी-संसर्ग आणि त्यावरील औषधांचा इतिहास

चंदीगडची पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था उत्तर भारतात केवळ 'पीजीआय' या नावाने ओळखली जाते. एप्रिल १९९६ पासून तेथील बालरोग विभागातून प्रयोगशाळेत येणाऱ्या रक्ताच्या नमुन्यांत एक यीस्ट पुन्हा पुन्हा वाढू लागले. ते नेहमीचे कॅंडिडा अल्बिकन्स नव्हते. त्याचे नाव पिकिया अनोमला. हे किण्व फळांच्या सालीवर, द्राक्षाच्या रसात, आंबवलेल्या पदार्थांत सहज सापडते, आणि मद्यनिर्मितीच्या अभ्यासकांना ते चांगले परिचित आहे. माणसाच्या रक्तात मात्र ते क्वचितच आढळत असे. ऐंशीच्या दशकात लिव्हरपूलमधील नवजात बाळांच्या एका विभागात त्याची लागण झाल्याची नोंद होती, तेव्हा त्याला हॅन्सेन्युला अनोमला म्हणत. आज त्याचे नाव पुन्हा बदलून विकरहॅमोमायसिस अनोमलस झाले आहे. कवकशास्त्रज्ञांना नावे बदलण्याची हौस मोठी. पण रुग्णशय्येजवळ उभ्या असलेल्या डॉक्टरला त्यामुळे जुने संदर्भ शोधणे कठीण होते, हेही खरे.

चंदीगडची साथ फेब्रुवारी १९९८ पर्यंत, म्हणजे तब्बल तेवीस महिने चालली. या काळात ३७९ नवजात बाळे आणि मुले बाधित झाली. विभागात दाखल झालेल्यांपैकी हे प्रमाण ४.२ टक्के होते. अरुणालोक चक्रबर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये या साथीचा सविस्तर वृत्तांत प्रसिद्ध केला. आजही तो वाचताना अंगावर काटा येतो, आणि तो त्यातील आकड्यांपेक्षा त्यातील शोधाच्या दिशेमुळे. संशोधकांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या कक्षाची पाहणी केली तेव्हा २८ टक्के बाळांच्या त्वचेवर किंवा श्लेष्मल आवरणावर हे यीस्ट आधीच वस्तीला आलेले होते. अशा बाळांपैकी २० टक्क्यांच्या बाबतीत ते पुढे रक्तात उतरले. कमी गर्भकाळ, दीड किलोपेक्षा कमी जन्मवजन आणि रुग्णालयातील लांबलेला मुक्काम हे धोक्याचे घटक ठरले. यीस्ट एका पाळण्यातून दुसऱ्या पाळण्यात कसे जात होते, याचे उत्तर दोन निवासी डॉक्टर आणि एका परिचारिकेच्या हातांवर सापडले. ज्या हातांनी बाळांना वाचवायचे, तेच हात वाहक झाले होते.

एवढेसे यीस्ट एवढे घातक का ठरते, हे समजण्यासाठी अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे शरीर डोळ्यांसमोर आणावे लागते. अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाची त्वचा ओल्या कागदासारखी पातळ असते. ती अजून पुरती भिंत झालेली नसते. आईकडून नाळेवाटे मिळणारी प्रतिपिंडे मुख्यतः गर्भावस्थेच्या शेवटच्या तीन महिन्यांत येतात, आणि हे बाळ त्याआधीच बाहेर आलेले असते. आतड्याची हालचाल अपरिपक्व असते. त्यातच शिरेत दीर्घकाळ ठेवलेली नळी, शिरेवाटे दिले जाणारे स्निग्ध पोषण, श्वासनलिकेतील नळी आणि जंतुसंसर्गाच्या भीतीने दिलेली बलाढ्य प्रतिजैविके येतात. प्रतिजैविके जीवाणू मारतात. यीस्टला ती मोकळे मैदान देतात. बाळ जगावे म्हणून केलेली प्रत्येक गोष्ट बुरशीसाठी एक दार उघडत जाते. म्हणूनच नवजात बाळांतील बुरशीचा इतिहास हा काही अंशी नवजात अतिदक्षतेच्या यशाचाच इतिहास आहे. पूर्वी ही बाळे बुरशी लागण्याइतका काळ जगतच नसत.

चंदीगडची साथ हात धुण्याच्या सवयींविषयी सक्तीची शिक्षणमोहीम आणि सर्व अपुऱ्या दिवसांच्या व जोखमीच्या बाळांना निस्टॅटिन व फ्लुकोनाझोल यांची प्रतिबंधक मात्रा, या दोन्ही गोष्टी झाल्यानंतरच आटोक्यात आली. ही दोन औषधे दोन वेगळ्या काळांची अपत्ये आहेत, आणि त्यांच्या मधल्या चाळीस वर्षांत या विषयाचा बहुतेक इतिहास सामावलेला आहे.

निस्टॅटिनचा जन्म टपालखात्याच्या कृपेने झाला असे म्हटले तरी चालेल. दुसऱ्या महायुद्धानंतर पेनिसिलिन आणि त्याच्या भावंडांचा वापर वाढला आणि त्याबरोबर तोंडातील व आतड्यातील कॅंडिडाचा उपद्रवही वाढला. तान्ह्या बाळाच्या जिभेवर व गालाच्या आत दह्याच्या साईसारखे पांढरे थर दिसतात, ते याच यीस्टचे. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात एलिझाबेथ ली हेझन न्यूयॉर्क शहरात सूक्ष्मजीव वाढवीत, तर रेचल फुलर ब्राउन ऑल्बनीच्या प्रयोगशाळेत त्यांतून रसायने वेगळी काढीत. मातीचे नमुने आणि त्यांतील सूक्ष्मजीवांचे अर्क काचेच्या बरण्यांतून टपालाने या दोन शहरांमध्ये ये-जा करीत. व्हर्जिनियातील नौर्स नावाच्या स्नेह्यांच्या शेतातील मातीत त्यांना हवा तो स्ट्रेप्टोमायसिस सापडला. त्या जातीला नौर्सी हे नाव मिळाले आणि औषधाला न्यूयॉर्क राज्याचे. १९५० मध्ये हा शोध जाहीर झाला. त्यातून मिळालेले स्वामित्वधन दोघींनी स्वतःसाठी न ठेवता संशोधनाला दिले. माणसांवरील बुरशीला मारणारे आणि तरी माणसाला सुरक्षित असे हे पहिले उपयुक्त प्रतिजैविक होते. पण त्याची मर्यादाही ठळक होती. ते आतड्यातून रक्तात शोषले जात नाही आणि शिरेतून देण्याइतके सौम्य नाही. तोंड, आतडे, त्वचा एवढेच त्याचे राज्य. बुरशी रक्तात उतरली की निस्टॅटिन दाराबाहेर उभे राहते.

ती उणीव अँफोटेरिसिन बी या औषधाने भरून काढली. स्क्विब कंपनीच्या संशोधकांना पन्नाशीच्या दशकाच्या मध्यास व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीच्या खोऱ्यातील मातीत स्ट्रेप्टोमायसिस नोडोसस सापडला आणि त्यातून हे औषध मिळाले. बुरशीच्या पेशीआवरणात अर्गोस्टेरॉल नावाचा स्निग्ध पदार्थ असतो, त्याला ते जाऊन बिलगते. आवरणात छिद्रे पाडून ते पेशी मारते असे अनेक दशके शिकवले गेले; अलीकडच्या संशोधनानुसार ते अर्गोस्टेरॉल शोषून घेणाऱ्या स्पंजासारखे वागते. अडचण अशी की मानवी पेशीतील कोलेस्टेरॉल अर्गोस्टेरॉलचे जवळचे नातलग आहे, म्हणून काही मार मूत्रपिंडालाही बसतो. हुडहुडी भरून ताप येतो, रक्तातील पोटॅशियम घसरते. शिवाय औषध पाण्यात विरघळत नाही. डीऑक्सिकोलेट या पित्तक्षाराच्या आधाराने त्याला तरंगत ठेवावे लागते आणि मिठाच्या पाण्याशी गाठ पडली की ते साकळते. ग्लुकोजच्या द्रावणातून, तासन्‌तास, थेंबाथेंबाने ते द्यावे लागते. इंग्रजी रुग्णालयांत त्याच्या नावाची भयसूचक थट्टा रूढ झाली ती उगाच नव्हे. तरीही पुढची तीसेक वर्षे गंभीर बुरशी-संसर्गावर मुख्य आधार तेच होते.

याच सुमारास पुण्याजवळ पिंपरीत एक भारतीय अध्याय लिहिला जात होता, आणि तो आज जवळजवळ विस्मृतीत गेला आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये स्थापन झालेली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी लोकांना पेनिसिलिनचा कारखाना म्हणून ठाऊक आहे. तिच्या संशोधन विभागात एम. जे. तिरुमलाचार हे कवकशास्त्रज्ञ काम करीत. पिकांवरील तांबेरा आणि काणी या रोगांच्या बुरशींचा त्यांचा अभ्यास मोठा होता. पिंपरीच्याच मातीतून मिळालेल्या स्ट्रेप्टोमायसिसला त्यांनी पिंप्रिना हे नाव दिले आणि १९६१ मध्ये त्यापासून मिळालेले बुरशीरोधक प्रतिजैविक जाहीर केले. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव ठरले हॅमायसिन. ते अँफोटेरिसिनच्याच कुळातले. तोंडातील व योनिमार्गातील कॅंडिडावर भारतात ते वापरले गेले आणि साठच्या दशकात अमेरिकेत ब्लास्टोमायकोसिस या खोलवर जाणाऱ्या बुरशी-रोगावर ते तोंडावाटे देऊन पाहण्यात आले. स्वतंत्र होऊन दीड दशकही न झालेल्या देशाच्या सार्वजनिक कारखान्यातून निघालेले औषध परदेशी रुग्णांवर पारखले जावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. मात्र हॅमायसिनही पाण्यात विरघळण्याच्या बाबतीत हट्टी निघाले. रक्तातील बुरशीवरचे भरवशाचे इंजेक्शन त्यातून तयार झाले नाही. रेणू हाती होता. त्याला शिरेतून सुखरूप नेणारे वाहन नव्हते.

ते वाहन मिळाले स्निग्ध पदार्थांच्या भौतिकशास्त्रातून. इंग्लंडमधील बॅब्रहॅम येथे ॲलेक बँगहॅम यांनी साठच्या दशकात दाखवून दिले की फॉस्फोलिपिड पाण्यात ढवळले की ते आपोआप बंद पुटिका तयार करते. तिलाच लायपोसोम म्हणतात. अँफोटेरिसिन अशा पुटिकेत बसवले तर ते बुरशीकडे पोहोचते आणि मूत्रपिंडाला त्रास कमी देते. पाश्चात्त्य देशांत नव्वदच्या दशकात असे औषध बाजारात आले, पण त्याची किंमत भारतीय वॉर्डच्या आवाक्याबाहेरची होती. एका प्रौढाच्या पूर्ण उपचाराचा खर्च अनेक कुटुंबांच्या वर्षभराच्या मिळकतीहून अधिक होई.

भारतात या प्रश्नाला बिमलकुमार बच्छावत यांनी हात घातला. वेल्लोर, कोलकाता आणि अखेरीस दिल्ली विद्यापीठाचा दक्षिण परिसर असा त्यांचा प्रवास. शर्करायुक्त रेणूंचे ते जाणकार आणि १९६२ च्या भटनागर पुरस्काराचे मानकरी. त्यांच्या गटाने लायपोसोममधील अँफोटेरिसिनवर काम केलेच, शिवाय पिंपरीच्या हॅमायसिनलाही लायपोसोममध्ये बसवून उंदरांतील ॲस्परजिलोसिसवर त्याची परीक्षा घेतली. प्रयोगशाळेतून रुग्णापर्यंतचा पूल बांधला तो मुंबईत, परळच्या केईएम रुग्णालयात आणि सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात. तेथील औषधशास्त्रज्ञ डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी या भारतीय लायपोसोमच्या रुग्णांवरील चाचण्यांची धुरा वाहिली. बच्छावत १९९६ मध्ये निवर्तले. औषध पुढे फंगिझोम या नावाने उपलब्ध झाले. त्याची एक खासियत नमूद करण्याजोगी आहे. देण्यापूर्वी कुपी श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या पात्रात ठेवून हलवावी लागते, तेव्हा पुटिका योग्य आकाराच्या होतात. प्रत्येक मात्रेआधी हा सोपस्कार करणाऱ्या परिचारिकेला तो कंटाळवाणा वाटला तर नवल नाही, पण आयात औषधाच्या तुलनेत खर्च बराच उतरला, आणि सरकारी रुग्णालयात औषध मिळणे आणि न मिळणे यांतला फरक तेवढाच असतो.

लायपोसोममधील अँफोटेरिसिन भारतात रुजायला बुरशीपेक्षाही काला-आजाराने अधिक मदत केली. बिहारमध्ये जुनी अँटिमनीची इंजेक्शने निकामी होत गेली होती. श्याम सुंदर यांच्या गटाने २०१० मध्ये दाखवले की शरीराच्या दर किलोमागे १० मिलिग्रॅमची एकच मात्रा महिनाभर चालणाऱ्या जुन्या उपचाराइतकीच गुणकारी आहे. पुढे २०२१ मध्ये कोविडमागून आलेल्या म्युकरमायकोसिसच्या लाटेत हेच औषध देशभर दुर्मीळ झाले, आणि कुपीसाठी शहराशहरांत धावणारे नातेवाईक साऱ्यांनी पाहिले. ती लाट मुख्यतः मधुमेही प्रौढांची होती. बालरोग विभागांना मात्र तोच तुटवडा सोसावा लागला, कारण ल्युकेमियाच्या उपचारात पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या मुलाला लागणारी कुपी त्याच साठ्यातून येते.

आता फ्लुकोनाझोल. इंग्लंडच्या सँडविच गावातील फायझरच्या प्रयोगशाळेत केन रिचर्डसन यांच्या गटाने ते घडवले आणि १९८८ मध्ये ब्रिटनमध्ये त्याला मान्यता मिळाली. ते पाण्यात सहज विरघळते, तोंडावाटे दिले तरी पुरते शोषले जाते, मेंदूभोवतीच्या द्रवात पोहोचते, आणि मूत्रपिंडाला फारसे दुखवत नाही. अँफोटेरिसिनच्या सावलीत वाढलेल्या डॉक्टरांच्या पिढीला हा चमत्कारच वाटला असणार. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यानुसार औषधी रेणूवर नव्हे तर केवळ निर्मितीप्रक्रियेवर पेटंट मिळे, त्यामुळे भारतीय कंपन्यांनी ते लवकरच स्वस्तात बनवले.

अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात डेव्हिड कॉफमन यांच्या गटाने एक किलोपेक्षा कमी वजनाच्या १०० बाळांवर प्रतिबंधक फ्लुकोनाझोलची चाचणी केली व २००१ मध्ये ती प्रसिद्ध केली. औषध न मिळालेल्या पन्नास बाळांपैकी दहांना खोलवर बुरशी-संसर्ग झाला. औषध मिळालेल्या पन्नासांत एकालाही नाही. जगभरातील नवजात विभागांनी या निष्कर्षावर आपले धोरण बेतले. चंदीगडने त्याच्या तीन वर्षे आधी, साथीच्या रेट्याखाली, तेच पाऊल उचलले होते हे सहसा सांगितले जात नाही. अर्थात दोन्हींची पुराव्याची प्रत एक नव्हे. चंदीगडमध्ये हात धुणे आणि औषध या दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या, तुलनेसाठी वेगळा गट नव्हता आणि असणे शक्यही नव्हते. त्यामुळे यशाचा वाटा कोणाचा किती, हे वेगळे काढता येत नाही. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने हे दोन वृत्तांत शेजारी ठेवून वाचावेत. साथ विझवणे आणि गृहीतक तपासणे ही दोन कामे किती निराळी आहेत ते त्यातून कळते.

या स्वस्त व सुरक्षित औषधाची किंमत उशिरा वसूल होऊ लागली. २०११-१२ मध्ये देशातील २७ अतिदक्षता विभागांत रक्तातील कॅंडिडाच्या १,४०० घटनांचा अभ्यास झाला. युरोप-अमेरिकेत अल्बिकन्स पुढे असते, येथे ४१.६ टक्के नमुन्यांत ट्रॉपिकॅलिस होते. जवळपास १२ टक्के नमुने फ्लुकोनाझोलच्या कुळाला जुमानत नव्हते. आणि पाच टक्क्यांच्या आसपास एक नवा पाहुणा होता, कॅंडिडा ऑरिस.

ऑरिस म्हणजे कानाचा. २००९ मध्ये जपानमधील एका वृद्धेच्या कानातील स्रावातून त्याचे प्रथम वर्णन झाले म्हणून हे नाव. अनुराधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दिल्लीतील दोन रुग्णालयांतल्या १२ रुग्णांच्या रक्तातून तो मिळवला. सर्व नमुने फ्लुकोनाझोलला प्रतिकार करणारे होते. व्हेनेझुएलातील माराकाइबो येथील साथीत १८ रुग्णांपैकी १३ बालरुग्ण होते आणि प्रयोगशाळेच्या स्वयंचलित यंत्रांनी त्या यीस्टला आधी भलतेच नाव दिले होते. कोरियातील संशोधकांनी जुने साठवलेले नमुने पुन्हा तपासले तेव्हा ऑरिसचा तोवर ज्ञात असलेला सर्वांत जुना रक्तनमुना एका वर्षाच्या मुलीचा निघाला. तो घेतला गेला होता १९९६ मध्ये, चंदीगडची साथ सुरू झाली त्याच वर्षी. म्हणजे जगाला नाव कळण्याच्या तेरा वर्षे आधी ही बुरशी एका लहान मुलीच्या रक्तात येऊन गेली होती, आणि कोणी तिला ओळखले नव्हते. भारतातही अनेक रुग्णालयांत अजून केवळ 'कॅंडिडा, अल्बिकन्स नव्हे' एवढाच अहवाल येतो. ऑरिससमोर तो अहवाल निरुपयोगी आहे, कारण त्यावरून कोणते औषध हरेल ते कळत नाही.

औषधांचे तिसरे मोठे कूळ, बुरशीच्या पेशीभित्तीवर घाव घालणारी एकिनोकॅंडिन औषधे, २००१ मध्ये आली, पण प्रौढांसाठी. कॅस्पोफंजिनला मुलांसाठी अमेरिकी मान्यता २००८ मध्ये मिळाली आणि चार महिन्यांखालील बाळांसाठी मायकाफंजिनला २०१९ च्या अखेरीस. मधली वर्षे बालरोगतज्ज्ञांनी अंदाजाने मात्रा ठरवण्यात घालवली, आणि अंदाज चुकत गेले. व्होरिकोनाझोल मुलांना आरंभी प्रौढांच्या हिशेबाने, दर किलोमागे ४ मिलिग्रॅम दिले जाई. मुलांचे यकृत ते इतक्या वेगाने मोडते की रक्तात पुरेसे औषध उरतच नसे. पुढे ही मात्रा दुप्पट करावी लागली. नवजात बाळात तर हिशेब आणखी निराळा. त्याच्या रक्तातील कॅंडिडा सहज मेंदूत शिरतो, त्यामुळे रक्तात तो सापडला की पाठीच्या मणक्यातून द्रव काढून तपासणे, डोळ्याच्या पडद्याची पाहणी करणे आणि शिरेतील जुनी नळी काढणे, हे सारे उपचाराचाच भाग मानले जाते. रक्त काढायचे तेही एक-दोन मिलिलिटर. त्याहून अधिक काढले तर बाळच फिके पडते, आणि एवढ्याशा नमुन्यात यीस्ट पकडणे अवघड असते.

या सगळ्या प्रवासात एक उलटी गाठ मात्र कायम राहिली. ज्या डीऑक्सिकोलेटयुक्त अँफोटेरिसिनला प्रौढांचे डॉक्टर टाळू लागले, ते नवजात बाळे आश्चर्यकारकरीत्या चांगले सोसतात. त्यांच्या मूत्रपिंडाला त्याचा त्रास मोठ्यांपेक्षा कमी होतो. उलट लायपोसोममधील महागडे औषध मूत्रपिंडाच्या ऊतीत आणि मूत्रात पुरेसे पोहोचत नाही, आणि नवजातांतील कॅंडिडा नेमका तेथे गाठी करून बसतो. म्हणून अमेरिकेच्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात नवजाताच्या रक्तातील कॅंडिडावर पहिली शिफारस दर किलोमागे रोज १ मिलिग्रॅम जुन्या अँफोटेरिसिनचीच आहे. प्रतिबंधक फ्लुकोनाझोल आधी मिळाले नसेल तर दर किलोमागे १२ मिलिग्रॅम फ्लुकोनाझोल हा पर्याय राहतो. ओरिनोकोच्या मातीतले औषध ग्लुकोजच्या बाटलीतून, तासन्‌तास, थेंबाथेंबाने आजही हजार ग्रॅमच्या बाळांना दिले जाते.